मोहटोलीचे हितसंबंधी

उकड्या तांदळाचा भात ज्यांना फार आवडतो, त्यांनी शहाऐंशी साली आमच्या मोहटोलीला येऊन आठवडाभर राहायला हवं होतं. पुन्हा त्यांनी तो भात मागितला नसता.

मोहटोली एकोडीच्या पुढे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे. गावात येणारा रस्ता भोजराजशेठच्या राईस मिलपाशी वळतो, आणि वासाची गाठ तिथेच पडायची. उकडा तांदूळ करायचा तर धान आधी सिमेंटच्या हौदात भिजत घालावं लागतं. भिजून झालं की हौदाच्या तळाचं बूच काढायचं, मग ते आंबलेलं पिवळं पाणी नाल्याने गावातून तलावाकडे निघायचं. पाणी आलं की माणसं बोलता बोलता थांबत, म्हशी माना वळवत, आणि माझ्या बालवाडीतली पोरं एका सुरात 'शीऽऽ' म्हणत. मी शिकवलेलं एकही गाणं त्यांना इतकं एका सुरात येत नव्हतं.

मी मंदा, त्या बालवाडीची बाई. मला राग लवकर येतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तो बहुधा योग्य माणसावरच येतो असं माझं मत आहे. माझ्याकडे मदतनीस होती सत्यवती. दहावी झालेली, हसरी, पोरांना सुकडी वाटताना स्वतःच्या वाट्याचीही वाटून टाकणारी. तिची आई शकुनबाई माझी शेजारीण. आणि बाप तेजराम. त्याचं काम ऐकाल तर हसाल. भोजराजशेठच्या मिलमध्ये हौदाचं बूच काढणं, हेच त्याचं काम होतं.

सत्यवतीला पाहायला दोनदा पाहुणे आले आणि दोन्ही वेळा बूच निघालं. पहिल्या पाहुण्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली, घास तोंडाजवळ नेला आणि वास आला. त्यांना वाटलं, पोह्यांचाच आहे. बशी खाली ठेवली ती ठेवलीच. दुसऱ्या खेपेला शकुनबाईने अंगणात ऊद जाळला, दाराला कडुनिंबाचा पाला बांधला. पण पाहुण्यांतली एक बाई सरळच म्हणाली, "पोट्टी चांगली आहे वो, पन घरात काही मेलंबिलं आहे का?" त्यांचा पुढे निरोपच आला नाही.

तेजराम त्या दिवशी मिलमधून धावत आला होता आणि हातपाय धुऊन पाहुण्यांसमोर बसला होता. बूच त्यानेच काढलं होतं.

"आजच्या दिवस तरी थांबाचं होतं ना वो," शकुनबाई नंतर रडत म्हणाली.

"धान खराब होते. शेठनं सांगतलं काढ, तं काढलं. नवकरी आहे," तेजराम म्हणाला आणि मान खाली घालून बसून राहिला.

वास मारणाऱ्या घरची मुलगी, ही बातमी गावोगाव पोचायला काय वेळ लागतो? तिसरे पाहुणे येतील की नाही याचीच आता काळजी होती. सत्यवती कुणापाशी काही बोलत नसे. पण एकदा पोरं घरी गेल्यावर खोली झाडता झाडता तिने मला विचारलं, "बाई, खरं सांगा. वास माह्या अंगाले येते का?" आणि तिने स्वतःचा पदर नाकाशी धरून पाहिला. मी तिला दटावून गप्प केलं, कारण मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.

याच सुमारास शेठचा पुतण्या घनश्याम नागपूरहून धंद्याचं मोठं शिक्षण घेऊन परतला. शेठना मूलबाळ नव्हतं, सगळी मदार त्याच्यावर. मुलगा चांगला होता. दोष एवढाच, की त्याला जे कळलं होतं ते सगळ्यांना कळावं असं त्याला मनापासून वाटायचं. आल्या आल्या त्याने मिलच्या फाटकावर खडूने सूचना लिहिली. 'मिलच्या सर्व हितसंबंधींची सभा रविवारी दुपारी. सर्वांनी उपस्थित राहावे.'

गावात हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. 'हित' म्हणजे भलं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. पुढच्या 'संबंधी'पाशी मात्र गाडं अडलं, तेव्हा देवकाबाईकडे विचारणा झाली. देवकाबाई म्हणजे गावातली सर्वांत वयस्क बाई. तिच्या सल्ल्याशिवाय मोहटोलीत सोयरीक जुळत नसे आणि मोडतही नसे.

"संबंधी म्हंजे इवाई," ती म्हणाली. "व्याही-सोयरे. शेठ आपल्यासंग सोयरीक करून राहिला."

"आजी, तसं नाही," मी म्हटलं. "मिलच्या बऱ्यावाईटात ज्यांचं बरंवाईट आहे, ते हितसंबंधी."

"मंग इवाई दुसरं काय रायते?"

गावात अक्षरं शिकवण्याचं काम माझं होतं, अर्थ लावण्याचं तिचं.

रविवारी सभेला गाव आलं ते लग्नाच्या थाटात. बाया ठेवणीतली लुगडी नेसून, पुरुष टोप्या धुऊन. तुलाराम, पन्नाशी ओलांडलेला आमच्या गावचा एकमेव ब्रह्मचारी, कानात अत्तराचा बोळा घालून सगळ्यांत पुढे. देवकाबाईने शकुनबाईच्या हातात हळदीकुंकवाचं ताट दिलं होतं. मिलच्या दारात उभी राहून ती ओरडली, "पाय धुवाले पानी कोठी आहे? इवाई दारात खडे आहेत!" हमालांनी गोंधळून बादल्या आणून ठेवल्या. सगळं गाव एकामागून एक पाय धुऊन आत आलं. त्यात निम्मी दुपार गेली.

"बघा काका, केवढा प्रतिसाद!" घनश्याम म्हणाला. भोजराजशेठ गादीवर बसून ती रांग बघत होते आणि इतक्या लोकांना चहा कसा पुरणार या विचारात होते.

फळा माझ्याच बालवाडीतून नेला होता. घनश्यामने मधोमध एक गोल काढला आणि त्यात 'मिल' असं लिहिलं.

"धंद्याची समाजाबद्दल काय जबाबदारी असते, यावर जगात तीन मतं आहेत," तो म्हणाला. "पहिलं मत, धंद्याने कायदा पाळून नफा कमवावा. तीच त्याची जबाबदारी."

"हे बराबर आहे," शेठ म्हणाले आणि उठायला लागले. त्यांच्या दृष्टीने सभा संपली होती.

"बसा काका. दुसरं मत असं, की मालक हा खरा मालक नसतोच. तो विश्वस्त असतो. धंदा समाजाचा, तो फक्त सांभाळणारा."

शेठ खाली बसले आणि बंडीच्या खिशातल्या किल्ल्या जागेवर आहेत का ते त्यांनी चाचपून पाहिलं.

"आणि तिसरं, सगळ्यांत नवं मत. धंद्याच्या भोवती त्याचे हितसंबंधी असतात. कामगार, धान विकणारे शेतकरी, गिऱ्हाईक, बँक, सरकार आणि गाव. या सगळ्यांचं ऐकून धंदा चालवायचा." प्रत्येकाच्या नावाने त्याने एकेक गोल काढला आणि रेघ ओढून मधल्या गोलाला जोडला.

मग तेजरामने हात वर केला.

"घनश्यामबाबू, मी कोन्या गोलात बसू? मिलात काम करतो, तं कामगार. घर नाल्यावर, तं गाव. माह्याच हातानं बूच काढतो अन् माह्याच घरी वास जाते."

"तुम्ही दोन्ही गोलांत आहात."

"एकसंगच?"

"हो."

"मंग मी भांडू कोनासंग?"

घनश्यामने खडू बदलला. तो ज्या पुस्तकांतून शिकला होता त्यांत तेजराम नव्हता.

"बँकेचा गोल मोठा अन् आमचा लहान काहून?" तुलारामने विचारलं. घनश्यामने घाईने गावाचा गोल वाढवला, तर शेतकऱ्यांचा अर्धा पुसला गेला आणि तिकडून ओरडा झाला. तो दुरुस्त करायला गेला, तेव्हा सरकार बँकेत शिरलं. कुणीतरी म्हणालं, ते आधीपासूनच शिरलेलं आहे. पाण्याची बादली आणून फळा धुवावा लागतो की काय, असं मला वाटायला लागलं.

शेवटी देवकाबाई उभी राहिली. "ते गोल रायू दे बाबू. सोयरीक झाली, हे पक्कं. आता सांग, आपल्यात पोरीकडचे कोन अन् पोराकडचे कोन?"

घनश्याम काकांकडे बघायला लागला. सभेत मात्र तत्काळ दोन तट पडले. पाणी, माती, माणसं आपणच दिली, तेव्हा आपण पोरीकडचे, असं एकांचं म्हणणं. पोरीकडचे झालो तर नमतं घ्यावं लागेल, म्हणून दुसरे ते मान्य करेनात. आवाज चढले. एकाने दुसऱ्याच्या काकाच्या लग्नातला मानपान काढला. तेव्हा देवकाबाईने हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"मिल आपल्या गावात येऊन रायली. आपलं पानी पेते, आपल्या पाळीवर बसते. हे घरजावई आहे. घरजावयाले रुसता येत नाही अन् घरात घान करता येत नाही."

हशा असा उसळला की छपरातली कबुतरं उडाली. शेठ लालबुंद झाले. घाणीचं त्यांना काही वाटलं नव्हतं, झोंबला तो घरजावई हा शब्द. मिलची जागा त्यांना सासऱ्याकडून मिळाली होती आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

हसणं ओसरल्यावर शकुनबाई उठली. ताट अजून तिच्या हातातच होतं.

"शेठजी, मले गोल समजत नाही. माह्या पोरीचे दोन संबंध तुमच्या वासापायी मोडले. तुमी आमाले संबंधी मनता, तं एवढं करा. पाहुने येतीन त्या दिवशी बूच काढू नोका."

शेठनी क्षणभर विचार केला. फुकटात सुटत होते, म्हणून लगेच मान डोलावली. "मंजूर. ज्याच्या घरी पाहुने, त्यानं सकाळी मिलात सांगून जायचं. त्या दिवशी बूच निघनार नाही."

घनश्यामने फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'संवाद' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. शकुनबाईने तिथल्या तिथे मिलच्या चौकटीला हळदकुंकू लावलं. मला तर शेठबद्दल जवळजवळ चांगलं वाटायला लागलं होतं. मग माझं लक्ष देवकाबाईकडे गेलं. ती डोळे बारीक करून 'ज्याच्या घरी पाहुने' हे शब्द पुटपुटत होती.

पुढच्याच आठवड्यात मोहटोलीत लग्नसराई सुरू झाली. सोमवारी गावातल्या ईश्वरच्या भाचीला पाहायला पाहुणे आले. ते निदान खरे होते. मंगळवारी तुलारामला पाहायला आले. पाहणारी त्याची सख्खी बहीण होती, पण फेटा बांधून तो दिवसभर पाटावर बसला आणि विचारलेल्या प्रश्नांना लाजून उत्तरं दिली. बुधवारी गोदावरीबाईने मिलमध्ये निरोप पाठवला की आपल्याकडे एकोडीचे पाहुणे येत आहेत. ते आले ते तिची बकरी पाहायला. मिलच्या माणसाने हरकत घेतली, तेव्हा गोदावरीबाई म्हणाली, "पाहुने ते पाहुने. शेठ मनला का, कोनाले पाहाले ते?"

गावाचा बेत उघड होता. मिलच्या मागे शेठची पडीक जमीन होती. तिकडे चर काढून खड्डे खोदले की पाणी तिथेच मुरलं असतं, हे गावाने आधीही सांगून पाहिलं होतं. पण तिथे शेठना राहायला कोठी बांधायची होती, दुमजली. आता बूच निघेना, तेव्हा हौदातलं धान फुगून आंबायला लागलं. तांदूळ निघाला तो तपकिरी. आता शेठ खड्डे खोदतील नाहीतर दुसरं काहीतरी करतील, अशी देवकाबाईची खात्री होती.

शेठनी दुसरं काहीतरी केलं. पाहुणे खरे की खोटे हे बघायला त्यांनी घनश्यामला पाठवलं. घनश्याम ज्या घरी जाई तिथे त्याला पाटावर बसवून पोहे देत. संबंध्याला पोहे न खाता उठता येत नाही, हे देवकाबाईने त्याला नीट समजावून सांगितलं होतं. एका दिवसात त्याने इतके पोहे खाल्ले की संध्याकाळी तो मिलच्या ओट्यावर पोट धरून आडवा झाला. खऱ्या आणि खोट्या हितसंबंधींमध्ये फरक कसा करावा याबद्दल त्याला काही म्हणायचं होतं, पण उचकी लागल्यामुळे ते आम्हाला कळलं नाही.

मी पोट धरधरून हसत होते. पण एक दिवस शकुनबाई भर रस्त्यात देवकाबाईसमोर उभी राहिली.

"आजी, तुमाले गंमत सुचून राहिली. माह्या पोरीचे खरे पाहुने येतीन, तवा कोन मानन? ते बकरीवाले शेठच्या डोक्यात आहेत आता."

देवकाबाई वळून घराकडे चालू लागली. माझंही हसू गेलं. ज्या मुलीसाठी हे सगळं मागून घेतलं होतं, तिचंच नाव सवलतीतून गळणार अशी वेळ आली होती.

आणि तिसरे पाहुणे आले. लाखनीचे लक्ष्मणराव. हायवेला लागून त्यांचं टायरचं दुकान होतं आणि मुलगा श्रावण ते चालवायचा. सत्यवतीच्या मामाने फार खटपट करून त्यांना तयार केलं होतं. हा संबंध गेला असता तर पुन्हा कुणाला विचारायची हिंमत त्या घराला झाली नसती.

सकाळी शकुनबाई मला सोबत घेऊन मिलमध्ये गेली. शेठ हौदापाशीच उभे होते. धान फुगून हौदाच्या काठाला आलं होतं, आणखी एक दिवस थांबलं तर सगळं वाया जाणार होतं.

"शेठजी, आज आमच्या घरी पाहुने आहेत."

"आज कोनाले पाहाले? म्हशीले का?"

"सत्यवतीले. खरंच शेठजी. लाखनीचे आहेत."

"शेठजी, मी सांगते, खरे आहेत," मी म्हटलं.

"बाई, तुमी तं तुलारामच्या वक्ती बी पोहे खात होत्या." हे खरं होतं. शेठ वळून ओरडले, "तेजराम! काढ बूच!"

तेजराम हौदाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला तेल. तो बूचापर्यंत गेला, वाकला, आणि पुन्हा सरळ उभा राहिला.

"शेठजी, आज मी दुसऱ्या गोलात आहे," तो म्हणाला. "बूच तुमी काढा." आणि तो आमच्या पुढे चालू लागला. त्या घरात सत्यवतीचं मानधन सोडलं तर कमावणारा हा एकटा, तरी तो मागे वळला नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला की त्याला तिथेच शाबासकी द्यावीशी वाटली.

शेठना बूच काढायची सवय नव्हती. ते रागाने ओढायला गेले आणि ते एकदम सुटलं. पाण्याचा लोट कमरेखाली आदळला. धोतर, वहाणा, सगळं पिवळं झालं. तशाच अवस्थेत, "आता पाहातो कोन्ता पाहुना आहे तो," असं म्हणत ते शकुनबाईच्या घराकडे निघाले. वाटेत देवकाबाई त्यांच्या मागे लागली आणि तिच्या मागे निम्मं गाव.

शेठ ओसरीत पोचले तेव्हा पाहुणे नुकतेच आले होते. सतरंजीवर लक्ष्मणराव बसले होते, शेजारी त्यांची बायको आणि खाली मान घातलेला श्रावण. माणसं अनोळखी, कपडे परगावचे, बकरी कुठेच नाही. शेठ उंबऱ्यापाशीच थबकले. मागे फिरावं असं त्यांना वाटलं असणार, पण मागे गाव उभं होतं.

"हे कोन?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

शकुनबाईने पदर सावरला आणि ती म्हणाली, "हे आमचे संबंधी."

"कोनीकडून?"

तेवढ्यात वास आला. नाल्यातून पाणी निघालं होतं आणि उरलेलं शेठच्या धोतरातून सतरंजीवर ठिबकत होतं. लक्ष्मणरावांच्या बायकोने नाकाला पदर लावला. श्रावणने मान वर केली. "कायचा वास आहे जी हा?" लक्ष्मणराव म्हणाले. त्याच वेळी सत्यवती पोह्यांचं ताट घेऊन आतल्या दारात आली होती. ती तिथेच थांबली. ताट एका हातावर तोलून तिने दुसऱ्या हाताने हळूच पदराचं टोक नाकाशी नेलं आणि हुंगून पाहिलं.

ते मी पाहिलं आणि शेठनीही पाहिलं. भोजराजशेठना मी इतकी वर्षं ओळखत होते. खाली बघताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"वास माहा आहे," शेठ म्हणाले.

लक्ष्मणरावांनी त्यांच्या ओल्या धोतराकडे बघितलं. "ते तं दिसून राहिलं."

"हा बी माहा अन् तो नाल्यातला बी माहा," शेठ म्हणाले. "पोरीचा नाही. घराचा नाही. गावाचा नाही. मिल माही आहे, पानी मी सोडलं. आज तं माह्याच हातानं सोडलं. पोरगी सोन्यासारखी आहे जी. तिच्या अंगावर आळ घेऊ नोका."

शकुनबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"आमचं दुकान हायवेवर आहे," लक्ष्मणराव सावकाश म्हणाले. "रोजचे एवढे ट्रक जाते, तोंडावर धूर सोडून जाते. कपडे काळे, भात काळा. आजवर एक बी ड्रायव्हर थांबून मनला नाही, का लक्ष्मनराव, हा धूर माहा आहे." मग बायकोकडे वळून म्हणाले, "ज्या गावात वासाले बी मालक आहे, त्या गावची पोरगी करून घेवाले हरकत काय?" आणि सत्यवतीला म्हणाले, "आन वो माय, पोहे आन."

"मले तं दिवसभर टायरचाच वास रायते," श्रावण पहिल्यांदाच बोलला, कुणी न विचारता. सत्यवती हसली आणि ताट घेऊन पुढे आली.

शेठ निघायला लागले, तर देवकाबाई दारात आडवी झाली. "इवायानं पोहे न खाता जाता येत नाही," ती म्हणाली. त्यांना बसावं लागलं. ते सतरंजीच्या बाहेर, जमिनीवर बसले आणि त्यांनी बशी रिकामी केली. बशी खाली ठेवल्यावर लक्ष्मणरावांनी विचारलं, "लग्नाच्या दिवशी बी पानी सुटनार आहे का जी?"

"लग्नाच्या आधी खड्डे होतीन," शेठ म्हणाले. पडीक जमिनीवर त्यांची कोठी कधीच उभी राहिली नाही.

खड्डे खोदायला गाव गेलं. पहिली कुदळ तेजरामची. शेठनी त्याला कामावरून काढलं नाही, पण त्यानंतर बूच काढायला सांगताना ते 'काढतो का रे' असं विचारायला लागले. घनश्याम चर कुठून काढायचा ते दोऱ्याने आखत होता. मध्येच तो माझ्याजवळ आला.

"बाई, हे तीनपैकी नक्की कोणत्या मतात बसतं?"

"आधी खड्डा खोद," मी म्हटलं. त्याने कुदळ घेतली. हाताला फोड आले, पण पोटाची तक्रार पुन्हा केली नाही.

लग्न धडाक्यात झालं. निरोपाच्या वेळी सत्यवती सगळ्यांच्या पाया पडत शेठपाशी आली, तर ते पाय मागे घ्यायला लागले. देवकाबाईने डोळे वटारले, तेव्हा उभे राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

वास आमच्या गावातून साफ गेला, असं मी म्हणणार नाही. कधी चर तुंबतो, कधी खड्डा भरतो, आणि वारा मिलकडून असला की पोरं पुन्हा एका सुरात 'शीऽऽ' म्हणतात. पण आता त्यांना गप्प करायची मला गरज पडत नाही. त्यांचा आवाज ऐकला की देवकाबाई ओसरीतूनच मिलकडे तोंड करून हाक मारते, "अरे भोजराज, कोनाचा रे हा?"

आणि मिलमधून शेठचा आवाज येतो, "माहाच वो आजी, माहाच! थांब, मानूस धाडतो!"